कडी आतून लागते का?

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात माझ्या मावशीच्या शेजारी एक सिंधी आजी राहायच्या. फाळणीनंतर कराचीहून आल्या तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या. कॅम्पातल्या निर्वासितांच्या छावणीत त्यांचं कुटुंब उतरलं आणि मग इथलंच झालं. आजी बोलक्या. बोटीतल्या उलट्यांपासून बराकीत गोणपाट बांधून केलेल्या 'खोल्यां'पर्यंत सगळं रंगवून सांगायच्या. एका गोष्टीपाशी मात्र गाडी अडायची. रात्री संडासला जायचं तर तिघीचौघी मिळून जायच्या. एकीच्या हातात कंदील, दुसरी दाराला पाठ लावून उभी. का, असं विचारलं की म्हणायच्या, "दाराला आतून कडी नव्हती ना, बेटा." आणि लाटणं पुन्हा पापडावर फिरायला लागायचं.

पुढे मी बचत गटांच्या बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण द्यायला लागले, तेव्हा छावण्या कशा उभाराव्यात याचे जगभर वापरले जाणारे निकष वाचनात आले. त्यांना स्फिअर मानकं म्हणतात. वीस माणसांमागे एक संडास. राहत्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत. बायकांचे वेगळे. उजेड हवा. पाण्याचा नळ अर्ध्या किलोमीटरच्या आत, रांग अर्ध्या तासाहून लांब नको. आणि त्या यादीत एका ओळीत लिहिलेलं: दाराला आतून कडी. वाचताना वाटतं, हा नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचा कागद आहे. पण यातली बरीचशी वाक्यं कुणाच्या तरी अंगावर बेतल्यावर लिहिली गेली आहेत.

निर्वासित बायकांवर होणारे लैंगिक अत्याचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकधारी सैनिक येतो. तो खराच आहे. युद्धात बलात्कार हत्यारासारखा वापरला जातो, हे आता न्यायालयांनीही मान्य केलंय. रवांडातल्या हत्याकांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ साली एका गावच्या माजी प्रमुखाला दोषी ठरवताना बलात्कार हा वंशसंहाराचाच भाग असू शकतो, असं पहिल्यांदा म्हटलं. २०१८चं शांततेचं नोबेल याच विषयावर काम करणाऱ्या काँगोचे डॉ. डेनिस मुकवेगे आणि इराकच्या नादिया मुराद यांना मिळालं. पण सैनिकाची गोष्ट बातम्यांत येते. सीमा ओलांडून बाई 'सुरक्षित' ठिकाणी पोचली की पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून मला त्याबद्दल लिहायचंय.

आधी आकडा किती मोठा आहे ते बघू. २०२४ सरता सरता जगात १२ कोटींहून अधिक माणसं जबरदस्तीने घराबाहेर पडलेली होती. म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राएवढी. त्यातली बहुतेक स्वतःच्याच देशात दुसरीकडे गेलेली, त्यांना विस्थापित म्हणायचं. देशाची सीमा ओलांडली की निर्वासित. २०१४ साली चौदा देशांतल्या एकोणीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अशा बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीने लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. 'सांगितलं' हा शब्द महत्त्वाचा. न सांगणाऱ्या कोणत्याच आकड्यात येत नाहीत. पुरुष आणि मुलगेही यातून सुटत नाहीत. ते तर आणखीच गप्प राहतात.

आता एक सरपणाची गोष्ट. या विषयातलं मला जे काही कळलंय त्यातलं निम्मं या गोष्टीतून कळलं.

केनियात दादाब नावाच्या ठिकाणी १९९१पासून सोमालियातून पळालेल्या लोकांच्या छावण्या आहेत. शिध्यात धान्य मिळायचं, पीठ मिळायचं, कडधान्य मिळायचं. ते शिजवायला जळण मात्र मिळायचं नाही. आता कडधान्य कच्चं कोण खाणार? मग बायका काट्याकुट्यांच्या रानात मैल न् मैल चालत जायच्या, मोळी बांधून आणायच्या, आणि त्या रानात दबा धरून बसलेले लोक त्यांना गाठायचे. पुरुष का जात नव्हते? सुदानच्या दारफुरमधल्या बायकांनी याचं उत्तर दिलंय, ते ऐकून अंगावर काटा येतो: पुरुष गेला तर जीव जाईल, बाई गेली तर बलात्कार होईल, पण परत येईल. कोणाला पाठवायचं याचा हा असा हिशोब घराघरांत होत होता.

१९९०च्या दशकाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने दादाबमध्ये लाकूड वाटायला सुरुवात केली. उपाय सरळ होता, बायका रानात गेल्याच नाहीत तर बलात्कार होणार नाहीत. पुढे तपासणी झाली तेव्हा दिसलं की लाकूड वाटपाच्या काळात सरपणाच्या वाटेवरचे बलात्कार कमी झाले, आणि त्याच काळात इतर ठिकाणचे वाढले. वाटलेलं लाकूड गरजेच्या मानाने थोडं होतं हा एक भाग. दुसरा भाग मला जास्त बोचतो. वाट बदलली, बाईची असहाय अवस्था बदलली नाही, आणि गुन्हेगाराला धाक तर कसलाच बसला नाही. म्हणून तो दुसरीकडे गेला. म्हणजे लाकूड वाटू नये का? वाटावंच. बांगलादेशात कॉक्स बाजारला २०१७नंतर म्यानमारमधून पळालेले सात लाखांवर रोहिंग्या आले, तिथल्या टेकड्यांवरची झाडं बघता बघता चुलीत गेली. पुढच्या वर्षापासून गॅस सिलिंडर वाटले गेले, तेव्हा बायकांची जंगलातली खेप कमी झाली. आपल्याकडेही गॅस आला तेव्हा बायकांनी काय सुटकेचा श्वास सोडला हे कुणाला सांगायला नको. फक्त सिलिंडर दिला म्हणजे प्रश्न सुटला, असं समजून अहवाल मिटू नये एवढंच.

कॉक्स बाजारच्या सिलिंडरांबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते फक्त रोहिंग्यांना दिले नाहीत, शेजारच्या बांगलादेशी गावकऱ्यांनाही दिले. का, ते कळायला त्या गावकऱ्यांच्या जागी उभं राहावं लागतं.

निर्वासित ज्यांच्या गावात येतात त्यांना सरकारी कागदांत 'यजमान समाज' म्हणतात. यजमान म्हटलं की मला सत्यनारायणाला सोवळं नेसून पाटावर बसलेला माणूस दिसतो. इथे यजमानाच्या घरातच डबा रिकामा असतो. युगांडाचं उदाहरण घ्या. दक्षिण सुदानमध्ये २०१६च्या जुलैत पुन्हा लढाई पेटली आणि ऑगस्टमध्ये युगांडाच्या वायव्येला बिडीबिडी नावाची वस्ती उघडली. वर्ष संपायच्या आत तिथे अडीच लाखांवर माणसं आली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. युगांडाचं धोरण तसं उदार आहे. तारेचं कुंपण नाही. राहायला, पिकवायला जमिनीचा तुकडा, काम करायची आणि हिंडायची मोकळीक. पण जमीन, पाणी, गवत, सरपण होतं तेवढंच. ज्या झाडाखाली गावातली बाई लहानपणापासून काटक्या वेचत आली, तिथे आता दुसरी बाई वाकलेली. एकीला वाटतं माझं नेलं, दुसरीला वाटतं मला हाकललं. त्यात एकीला शिधापत्रिका, ताडपत्री आणि दवाखाना मिळतो, दुसरीला नाही.

आणि ती दुसरी सुरक्षित असते का? युगांडाच्याच २०१६च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २२ टक्के बायकांनी आयुष्यात कधीतरी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. म्हणजे तिथेही पाचातली एक. दोन पाहण्या वेगळ्या, प्रश्न वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तागडीत तोलू नयेत. पण छावणीत अत्याचार आणि गावात सुख असं चित्र नक्कीच नाही. म्हणून युगांडात एक पद्धत ठरली, निर्वासितांसाठी आलेल्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी. समुपदेशनाची खोली छावणीत उघडली आणि गावातल्या मारहाण झालेल्या बाईला दारातून परत पाठवलं, तर गाव त्या खोलीकडे आणि खोलीत जाणाऱ्या बाईकडे कोणत्या नजरेने बघेल ते सांगायला नको.

गावात एक वाक्य मात्र हमखास फिरतं: "हे बाहेरचे आले आणि आपल्या पोरीबाळींना फिरणं मुश्किल झालं." छावणीतही तेच वाक्य उलटं फिरतं. आपल्या नाशिकमध्येही कंपन्या वाढल्या, बांधकामं वाढली, तसं ते चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत ऐकू येतं. आपल्या देशात नोंद झालेल्या बलात्कारांत शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं छापून येतंय. तरी आपली भीती अनोळखी माणसालाच चिकटते. सोयीची असते ती.

छावण्यांतही मोठा वाटा घरातल्या माणसाचा असतो. नवऱ्याचं काम गेलेलं, शेत गेलेलं, मान गेलेला. हातात फक्त बायको उरलेली. हे कारण झालं, सबब नव्हे. त्यात शिध्याचं कार्ड नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला सोडणं म्हणजे पोरांचं जेवण सोडणं. आईबापही मुलीचं लग्न कोवळ्या वयात उरकतात, 'एकदा दिली की तिची अब्रू त्यांच्या हवाली' म्हणून. बालविवाह वाढला की तोही अत्याचारातच मोजायचा असतो.

मग मदत वाटणारे. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या छावण्यांमधून एक अहवाल बाहेर आला, त्याने सगळ्या मोठ्या संस्थांची झोप उडवली. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये मदत वाटणारेच काही जण पिठाच्या, तेलाच्या, ताडपत्रीच्या बदल्यात कोवळ्या मुलींकडून शरीर मागत होते. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी लेखी नियम काढला: मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध मागणं बंद, अठराच्या आतल्या कुणाशीही संबंध बंद, मग तिथल्या कायद्यात संमतीचं वय काहीही असो.

संमतीचा हा मुद्दा मी प्रशिक्षणात नेहमी आपल्याच महाराष्ट्रातल्या मथुरा खटल्यावरून सांगते. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ती ओरडली नाही, म्हणजे तयार असावी. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत, सरकारी ताब्यात असलेली बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं. २०१३ साली यात आणखी भर पडली: बाईवर ज्याचा ताबा किंवा वर्चस्व आहे, अशा कुणाही माणसाने केलेला बलात्कार हा जास्त गंभीर गुन्हा. ठाणेदाराला लागू होतं ते मुकादमालाही होतं.

हे सगळं वाचताना मला आजींचं पुन्हा आठवतं, कारण आपण या प्रश्नाला नवखे नाही. फाळणीत दोन्हीकडून मिळून साधारण ७५,००० बायका पळवल्या गेल्या, असा अंदाज दिला जातो. मग दोन्ही सरकारांनी ठरवलं, आपापल्या बायका परत आणायच्या. १९४९ साली आपल्याकडे त्यासाठी कायदा झाला. १ मार्च १९४७नंतर झालेलं लग्न मानायचं नाही, बाईला शोधायचं आणि तिच्या 'मूळ' देशात धाडायचं. काही जणी सुटल्या म्हणून रडल्या असतील. काही जणींना नव्या घरात मुलं झाली होती, त्यांना जायचं नव्हतं. त्यांना विचारायची तरतूदच कायद्यात नव्हती. आधी पळवणाऱ्याने विचारलं नाही, मग सोडवणाऱ्याने. आज प्रशिक्षणात आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो की अत्याचार झालेल्या बाईच्या वतीने निर्णय घ्यायचा नाही, तिच्यापुढे पर्याय ठेवायचे. वाक्य साधं आहे, पण त्याला एवढा इतिहास चिकटलेला आहे.

निर्वासितांसंबंधीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कागदपत्रं नसलेली बाई तक्रार द्यायला पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जाते आणि आपल्यालाच आत टाकतील म्हणून माघारी वळते. तरी एक निकाल ध्यानात ठेवावा. १९९८ साली हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला. रेल्वेचं म्हणणं होतं, ती परदेशी, आम्ही भरपाई का द्यावी? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की घटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही. दहा लाखांची भरपाई कायम राहिली.

आता आपल्या जिल्ह्याकडे. दसऱ्याच्या आगेमागे द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा भागातून आदिवासी कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. सकाळी पेठ नाक्याला उभं राहिलं की दिसतं: डबा, पाण्याची बाटली, कडेवर मूल, आणि पिकअपवाला भाव ठरवतोय. काही टोळ्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन येतात आणि बागेतल्याच शेडात राहतात. या बायकांना कुणी निर्वासित म्हणत नाही, म्हणूही नये. त्यांना घर आहे, मतदानाचं कार्ड आहे, सणाला त्या गावी जातात. तुलना ताणायची नाही. पण उचल फिटेपर्यंत मुकादमाशी वाकडं घेता येत नाही, शेडाला दार नसतं, आंघोळ अंधार पडल्यावर किंवा उजाडायच्या आत उरकायची, आणि काही घडलंच तर ठाणं कुठल्या बाजूला हेही ठाऊक नसतं. हे ऐकताना दादाब फार लांब वाटत नाही. आणि ज्यांच्या बागा आहेत त्या घरातल्या सुनासुद्धा रात्रीच्या वेळी एकट्या मळ्यात जात नाहीत.

२०१३च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात यांच्यासाठी सोय आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची. ही समिती असते हे मी सांगते तेव्हा दहातल्या नऊ बायका पहिल्यांदाच ऐकत असतात.

बलात्कार झाला असेल तर मात्र महिने नाही, तास मोजायचे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुढे २८ दिवस घ्यायची. नको असलेला गर्भ टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, पण जितकी लवकर तितकी बरी. म्हणून आधी दवाखाना. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने फुकट आणि ताबडतोब उपचार द्यायचे, हा कायदा आहे. 'आधी एफआयआर आणा' असं म्हणता येत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण तक्रार द्यायची की नाही हे सज्ञान बाईने ठरवायचं. मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आंघोळ झाली, कपडे धुतले, म्हणून 'आता काय उपयोग' असं म्हणून घरी बसू नये, औषधांचा आणि पुराव्याचा संबंध नाही. बाई संबंधांना 'सरावलेली' आहे का हे योनीत बोटं घालून बघायची, ती दोन बोटांची चाचणी कुणी करायला लागलं तर थांबवायचं. ती करणाऱ्यालाच गैरवर्तनासाठी जबाबदार धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावलंय. गर्भ राहिलाच तर २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने गर्भपात करता येतो.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. 'हद्द आमची नाही' हे उत्तर चालत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून ती पुढे पाठवायची असते. बाईचं नाव छापणं, गाव कळेल असं व्हॉट्सअॅपवर फिरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन, आणि 'सखी' केंद्रात दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन यांची सोय एका जागी करायची योजना आहे. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते. हे सगळं कागदावर आहे तसं प्रत्येक वेळी मिळतं असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती.

गेल्या हंगामात दिंडोरीकडच्या एका गावात गटाची बैठक होती. मी आजींचा कंदील सांगितला, दादाबची लाकडं सांगितली, छावण्यांचे निकष सांगितले. बागायतदारांच्या घरच्या बायका पुढे सतरंजीवर, टोळीतल्या दोघी-तिघी मागे दाराशी. पुढची एक म्हणाली, "ताई, आमच्या शेडातल्या मोरीला पत्र्याचं दार आहे, पण कडी बाहेरूनच आहे. ह्यांना सांगून आतून बसवते." मी खूश. मागून सुरगाण्याची एक बाई, मांडीवरच्या लेकराला थोपटत, म्हणाली, "कडी लावाच. पण मोरी पार विहिरीपल्याड आहे ना. तिथवर एक बल्ब ओढा आधी."